‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे नेमके काय? कायदा, शेअर बाजार आणि गोव्यातले व्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअर दलाल ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर निफ्टीचा ऑप्शन असतो. जमिनीचे कागद तपासणारा वकील ‘डेरिव्हेटिव्ह टायटल’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या विक्रेत्याचा मालकी हक्क कुठून आला ते विचारत असतो. नाटकाच्या करारात हा शब्द रूपांतरासाठी येतो, अमली पदार्थांच्या खटल्यात अफूपासून केलेल्या पदार्थांसाठी. गोव्यात हे सगळे अर्थ एकाच घरात भेटू शकतात. म्हणून आमच्याकडे वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र उत्तरांसह दिले आहेत.

एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा काय?

लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ ओढ्यातून पाणी वळवून काढणे असा आहे. कुळागर असलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. झरीचे पाणी पाटाने पोफळींपर्यंत येते. पाट आपण कितीही बांधून काढला तरी झर आटली की तो कोरडाच. डेरिव्हेटिव्ह म्हणजे असा पाट. त्याला स्वतःचे पाणी नसते. कुठल्याही अर्थाने हा शब्द समोर आला तर आधी झर कुठली आणि ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावे. खालची बहुतेक उत्तरे याच प्रश्नाभोवती फिरतात.

मराठीत काय म्हणावे?

‘साधित’ किंवा ‘व्युत्पन्न’. व्याकरणात साधित शब्द आपण शाळेतच शिकतो. गणितातला अर्थ वेगळा, तिथे विकलन येते. बाजारात मात्र सगळे ‘एफ अँड ओ’च (फ्युचर आणि ऑप्शन) म्हणतात, आणि करारावर सही करताना लोक बोलतात तो शब्द कागदावरच्या शब्दाशी जुळवून घेणे महत्त्वाचे.

## पैशाच्या व्यवहारातला अर्थ

भारतीय कायदा डेरिव्हेटिव्ह कशाला म्हणतो?

सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) कायदा, १९५६ च्या कलम २ (एसी) मध्ये व्याख्या आहे. साध्या शब्दांत, ज्या कराराची किंमत दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवरून किंवा निर्देशांकावरून ठरते तो करार. ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे अंडरलाइंग: शेअर, निर्देशांक, सोने, डॉलर. ही व्याख्या १९९९ च्या दुरुस्तीने आली. तिच्यासोबत आलेले कलम १८ए सांगते की मान्यताप्राप्त शेअर बाजारात झालेला डेरिव्हेटिव्ह करार वैध आहे. जून २००० मध्ये मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्हींत निर्देशांकाचे फ्युचर सुरू झाले. ऑप्शन २००१ मध्ये आले.

मग हा जुगार नव्हे का? पैज तर बेकायदा असते ना?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम कोर्टात वसूल करता येत नाही. शेअर किंवा माल प्रत्यक्ष न घेता फक्त भावातला फरक घ्यायचा, असा करार पैजेच्या फार जवळ जातो. म्हणूनच कलम १८ए लागले. कायद्याचे संरक्षण मिळते ते मान्यताप्राप्त बाजार, क्लिअरिंग (सौदे मिटवण्याची) व्यवस्था आणि मार्जिन (सौद्यापोटी ठेवायची तारण रक्कम) या चौकटीमुळे. चौकट काढली की संरक्षणही जाते.

हे सांगायचे कारण ‘डब्बा’. एखादा माणूस बाजारात ऑर्डर न टाकता स्वतःच्या वहीत किंवा ॲपवर तुमचा सौदा लिहून घेतो आणि रोख हिशेब करतो. शुल्क कमी, मार्जिन जवळजवळ नाही, म्हणून लोक भुलतात. नफा झाला आणि त्याने पैसे दिले नाहीत तर दाद मागायला जागा नाही. वर सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्याच्या कलम २३ खाली दहा वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सौदा खरा की डब्बा हे ओळखायचे कसे? खऱ्या सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (दलालाची सौद्याची पावती) येते, तिच्यावर ऑर्डर क्रमांक आणि वेळ असते, आणि बाजाराकडून वेगळा एसएमएस किंवा ईमेल येतो. यातले काहीही येत नसेल तर सौदा झालेलाच नाही.

फ्युचर आणि ऑप्शन यांत फरक काय?

दोन्ही म्हणजे ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला घेण्या-देण्याचे करार. फ्युचरमध्ये दोन्ही बाजू बांधलेल्या असतात. ऑप्शनमध्ये विकत घेणाऱ्याला हक्क असतो, विकणाऱ्यावर बंधन.

आकड्यांत पाहू. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि एका लॉटमध्ये (सौद्याच्या किमान गठ्ठ्यात) ७५ नग आहेत. (लॉटचा आकार बाजार वेळोवेळी बदलतो. सेबी या शेअर बाजाराच्या नियंत्रक संस्थेच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या नव्या कराराची किमान किंमत १५ लाख रुपये केली, त्यामुळे लॉट मोठे झाले.) एका फ्युचरची किंमत १८,७५,००० रुपये. एवढे पैसे भरावे लागत नाहीत, मार्जिन भरावे लागते. ते बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे साधारण सव्वादोन ते पावणेतीन लाख. निफ्टी १ टक्का, म्हणजे २५० अंश पडला की तोटा १८,७५०. बाजार १ टक्काच हलला, पण तुमच्या भांडवलातले सात-आठ टक्के गेले. हा तोटा त्याच दिवशी खात्यातून वळता होतो. ‘नंतर वर येईल’ म्हणून थांबायचे असेल तर रोजचा तोटा भरण्याइतकी रोकड लागते. बहुतेकांचा सौदा तुटतो तो रोकड संपल्यामुळे. दिशेचा अंदाज चुकलेला असतोच असे नाही.

ऑप्शन घेतला, अंदाज बरोबर आला, तरी पैसे गेले. असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. वरच्याच उदाहरणात २५,२०० चा कॉल, म्हणजे त्या भावाने विकत घेण्याचा हक्क, १२० रुपये प्रीमियमने (हक्काच्या किमतीने) घेतला. खर्च ७५ × १२० = ९,००० रुपये. समाप्तीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी निफ्टी २५,२५० वर बंद झाला. बाजार २५० अंश वर गेला, अंदाज खरा ठरला. पण कॉलची किंमत फक्त ५० अंश, म्हणजे ३,७५०. तोटा ५,२५०, शुल्क आणि कर वेगळे. नफा सुरू व्हायला निफ्टी २५,३२० च्या वर जायला हवा होता.

ऑप्शन घेणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी बरोबर याव्या लागतात: दिशा, किती हलणार, आणि केव्हापर्यंत. प्रीमियममधला वेळेचा भाग रोज झिजतो आणि शेवटच्या आठवड्यात झपाट्याने झिजतो. शिवाय बाजारात धास्ती असताना घेतलेला ऑप्शन महाग असतो. धास्ती ओसरली की भाव योग्य दिशेला गेला तरी प्रीमियम उतरतो. अर्थसंकल्प किंवा निवडणूक निकालाच्या आदल्या दिवशी कॉल घेणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी हाच धक्का बसतो.

जाता जाता, गणितातला अर्थ इथेच भेटतो. ‘डेल्टा’ म्हणजे निफ्टी एक अंश हलला तर ऑप्शन किती हलेल, अर्थात किमतीचे विकलन. डेल्टा ०.३० असेल तर निफ्टीच्या १०० अंशांच्या उडीत ऑप्शन साधारण ३० अंशच हलतो. ‘स्वस्त’ वाटणारे दूरचे ऑप्शन स्वस्त का असतात त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

मग ऑप्शन विकलेले बरे? प्रीमियम तर हातात येतो.

वरचाच कॉल विकला असता तर ९,००० मिळाले असते. निफ्टी २६,००० वर बंद झाला तर देणे ८०० × ७५ = ६०,०००. प्रीमियम वजा जाता तोटा ५१,०००. नफ्याला मर्यादा, तोट्याला नाही. कॉल विकायचाच असेल तर वरचा आणखी एक कॉल विकत घेऊन तोट्याला कुंपण घालावे. त्याने मार्जिनही कमी लागते. नोव्हेंबर २०२४ पासून समाप्तीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागते, हेही हिशेबात धरा.

एका शेअरचा ऑप्शन समाप्तीपर्यंत तसाच ठेवला तर?

जपून. निर्देशांकाचे करार रोखीने मिटतात. शेअरचे मात्र ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात. सहा हजार रुपयांना घेतलेला कॉल फायद्यात संपला, लॉट ५०० चा आणि स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) १,४०० ची असेल, तर सात लाख रुपये देऊन शेअर घ्यावे लागतात. समाप्तीच्या चार दिवस आधीपासून मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढत जाते. पैसे नसतील तर दलाल सौदा मिळेल त्या भावाला तोडतो. शेवटच्या दिवसांत अशा करारांना गिऱ्हाईक कमी असते, भाव वाईट मिळतो. शेअर नको असतील तर समाप्तीच्या आठवड्याआधी बाहेर पडावे.

किती लोकांचा फायदा होतो?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर डेरिव्हेटिव्हमध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. पुढच्या, २०२४-२५ च्या अभ्यासात हे प्रमाण ९१ टक्के होते. आमचे मत स्पष्ट आहे. हातातले शेअर किंवा धंद्यातली जोखीम झाकण्यासाठी डेरिव्हेटिव्ह उत्तम साधन आहे. महिन्याचा घरखर्च त्यातून काढायची योजना कोणीही आखू नये, कर्ज काढून तर नाहीच.

गोव्यात नवरा-बायकोच्या करात याचा काय परिणाम होतो?

हा भाग गोव्याबाहेरच्या सल्लागाराला बहुधा माहीत नसतो, म्हणून सविस्तर.

मान्यताप्राप्त बाजारातले एफ अँड ओ हे सट्ट्याचे नव्हे तर साध्या व्यवसायाचे उत्पन्न मानतात. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ४३(५) मध्ये आहे. विवरणपत्र आयटीआर-३ भरावे लागते. तोटा पगारातून वजा होत नाही. भाडे, व्याज यांतून त्याच वर्षी होतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरले तरच.

आता गोव्याचे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत लग्न झालेल्या जोडप्याला त्याच आयकर कायद्याचे कलम ५ए लागू होते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर हीच पद्धत धरतात. पगार सोडून बाकी सर्व उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते, सौदे कोणाच्याही खात्यातून झालेले असोत. नवऱ्याने एफ अँड ओमध्ये तीन लाख गमावले तर दीड लाखाचा तोटा त्याच्या आणि दीड लाखाचा बायकोच्या विवरणपत्रात जातो. दोघांनाही ‘शेड्यूल ५ए’ भरावे लागते, एकमेकांचा पॅन लिहावा लागतो आणि दोघांनाही मुदत पाळावी लागते. नेहमीच्या चुका दोन. पहिली, सगळा तोटा एकाच्याच नावे दाखवणे. दुसरी, बायकोला स्वतःचे उत्पन्न नाही म्हणून तिचे विवरणपत्र न भरणे. दुसऱ्या चुकीने निम्मा तोटा पुढे नेण्याचा हक्कच जातो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. चालू वर्षाचा कागद करताना नवा क्रमांक तपासून घ्यावा.

विक्रीवरचा रोखे व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ऑप्शनच्या प्रीमियमवर ०.१ टक्के आणि फ्युचरवर ०.०२ टक्के झाला. अर्थसंकल्पात हे दर बदलत असतात. आजचा दर तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर पाहा.

प्रीमियम म्हणजे इसार का?

दिसायला सारखे, पण नाही. प्लॉटसाठी दिलेला इसार व्यवहार पूर्ण झाला की किमतीत वळता होतो. ऑप्शनचा प्रीमियम कधीच वळता होत नाही, तो हक्काची किंमत आहे. इसार घेणाराही बांधला जातो आणि देणाराही. ऑप्शन घेणारा मोकळा असतो. म्हणून जमिनीच्या करारात ‘मला सहा महिन्यांत घ्यायचे असेल तर घेईन, नाहीतर नाही’ असे ठरले असेल तर ते तसेच स्पष्ट लिहावे. नुसते ‘इसार’ लिहिले आणि पुढे वाद झाला की रक्कम जप्त करता येते का, किती करता येते, यावर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वर्षे जातात.

आफ्रिकेतून कच्चा काजू मागवतो. डॉलर वाढला तर काय करावे?

बँकेचा फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच ठरवून घेणे. तोही डेरिव्हेटिव्हच, पण बाजारातला नसून बँकेबरोबरचा. समजा तीन महिन्यांनी एक लाख डॉलर द्यायचे आहेत, आजचा दर ८६ आणि फॉरवर्ड ८६.६०. त्या दिवशी डॉलर ८८ झाला तर १,४०,००० रुपये वाचले. ८५ झाला तर १,६०,००० जास्त गेले, आणि तरीही डॉलर ८६.६० नेच घ्यावे लागतात. याला तोटा म्हणू नये. तुम्ही तुमचा खर्च आधीच ठरवून घेतलात.

बिघडते ते तारखेत. जहाज उशिरा आले, बिल पुढे गेले, की करार रद्द करावा किंवा पुढे ढकलावा लागतो आणि दोन्हीला खर्च येतो. एका तारखेऐवजी काही दिवसांची मुदत देणारा फॉरवर्ड मागावा, आणि मालाच्या पूर्ण किमतीऐवजी सत्तर-ऐंशी टक्क्यांचाच करावा. शेअर बाजारातही डॉलर-रुपयाचे फ्युचर मिळतात, लॉट १,००० डॉलरचा. पण मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खरे परकीय देणे-घेणे असेल त्यालाच रुपयाच्या करारांत उतरता येते. पुरावा दर वेळी मागत नाहीत, पण मागितला तर दाखवता आला पाहिजे.

तारवटींच्या (जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या) दरमहा येणाऱ्या पगारासाठी फॉरवर्ड क्वचितच परवडतो. तिथे पैसे हप्त्याहप्त्याने रुपयांत बदलणे हाच साधा उपाय.

काजू, सुपारी, खनिज यांचे भाव असे बांधून घेता येतात का?

सोन्याचे येतात. एमसीएक्स या वस्तूंच्या वायदा बाजारात एक किलोपासून एक ग्रॅमपर्यंतचे करार आहेत. खनिजाचे करार सिंगापूर आणि चीनच्या बाजारांत चालतात. तिथला मापदंड बरीच वर्षे ६२ टक्के लोहाचा होता. गोव्याचे बरेचसे खनिज त्याहून हलक्या प्रतीचे, आणि दोन प्रतींच्या भावातला फरक स्थिर राहत नाही. झर एक आणि पाट दुसरा असला की बचाव अर्धवट राहतो. काजूसाठी शेतकऱ्याच्या कामाचा वायदा नाही. व्यापाऱ्याशी आगाऊ लेखी करार केला तर त्यात प्रत, ओलावा, वजन कुठे करायचे आणि पैसे कधी, हे लिहून घ्यावे.

## कायद्यातले अर्थ

विकणाऱ्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर आहे. मग मालकी पक्की ना?

नाही. विकत घेतलेली, दान मिळालेली किंवा वारशाने आलेली मालकी ही साधित मालकी. ती देणाऱ्याकडे जेवढी होती तेवढीच तुमच्याकडे येते. देणाऱ्याला निम्माच हक्क असेल तर विक्रीखतावर ‘पूर्ण’ लिहिल्याने तो पूर्ण होत नाही. फॉर्म १ व १४ हा महसुली अभिलेख आहे. गोवा जमीन महसूल संहिता, १९६८ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण ती मालकीचे खत नव्हे.

म्हणून मालकीची साखळी मागे न्यावी, निदान तीस वर्षे, जुनी घरे आणि भाटांच्या (बागायती जमिनींच्या) बाबतीत पोर्तुगीज काळापर्यंत. पाहायचे ते असे: भूनोंदणीतले डिस्क्रिप्शन (मालमत्तेचे वर्णन) व इन्स्क्रिप्शन (हक्काची नोंद) प्रमाणपत्र, मॅट्रिझची (पोर्तुगीजकालीन महसूल नोंदवहीतली) नोंद, सब-रजिस्ट्रारकडची खते, बोजा नसल्याचा दाखला, आणि मध्ये कोणी वारले असेल तर इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीच्या कोर्टातील कामकाजाचा) आदेश. साखळी सर्वाधिक तुटते ती इथेच. मूळ मालक वारला, सहा मुले, त्यातल्या दोघांनी ‘आपला तुकडा’ विकला. इन्व्हेंटरी होऊन वाटणी झालेली नसेल तर ठरावीक तुकडा त्यांचा नव्हताच. शिवाय मालकाच्या हयात पत्नीचा निम्मा हिस्सा असतो, आणि विवाहित वारसांच्या जोडीदारांच्या सह्याही लागतात. एक सही राहिली तरी खत आव्हानाला उघडे राहते. मृत्युपत्र दाखवले तरी थांबू नका. गोव्यात मुले असतील तर वडिलांना आपल्या हिश्शाच्या निम्म्याचीच मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते.

सर्व्हे नकाशा आणि जुन्या डिस्क्रिप्शनमधल्या चतुःसीमा जुळवून पाहाव्यात. नावे जुळतात पण जागा वेगळीच, असे होते. खोट्या खतांवरून जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले. त्यात सर्वाधिक धोका परदेशी असलेल्यांच्या आणि वारस पांगलेल्या मालमत्तांना.

भाऊ पोर्तुगालात आहे. त्याच्या मुखत्यारपत्रावर घर विकता येईल?

येईल, पण मुखत्याराचा अधिकारही साधितच. भाऊ वारला की सामान्यतः अधिकार त्याच क्षणी संपतो, कागदावर कितीही वर्षांची मुदत असो. नोंदणीच्या दिवशी देणारा हयात असल्याचा पुरावा ठेवावा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेले असावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. भावाच्या पत्नीचे वेगळे मुखत्यारपत्रही लागते. ते विसरल्यामुळे सब-रजिस्ट्रारच्या दारातून परतणारे पुष्कळ. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतले’ असेल तर मालकी आलेली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

जत्रेला मराठी नाटक करतो. लेखकाची परवानगी लागते का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एल) प्रमाणे हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हे उल्लंघन नाही. गावच्या देवळापुढच्या हौशी प्रयोगाला ही सवलत बहुधा मिळते. व्यावसायिक कलाकार बिदागीवर आणले तर ‘हौशी’ शब्दावर वाद होऊ शकतो.

ही सूट प्रयोगापुरती आहे. तेच नाटक कोंकणीत आणले, तीन अंकांचे एका अंकात केले, किंवा चित्रित करून यूट्यूबवर टाकले, तर भाषांतर, रूपांतर आणि प्रसारण हे लेखकाचे वेगळे हक्क सुरू होतात. त्यांना लेखी परवानगी हवीच. पत्रात भाषा, प्रयोगांची संख्या, कुठे, किती वर्षे, चित्रीकरण चालेल का आणि नाव कसे छापायचे, हे लिहून घ्यावे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. तोंडी ‘करा हो’ला अर्थ नाही, कारण लेखकाच्या पश्चात वारस ते मानतीलच असे नाही.

लेखक जाऊन शंभर वर्षे झाली. मग तर मोकळे?

मूळ संहिता मोकळी. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळे झाले. पण तुमच्या हातातली प्रत कोणती? अलीकडे कोणी संक्षिप्त करून संपादलेली, नवी पदे घातलेली आवृत्ती असेल तर त्या नव्या भागावर त्या माणसाचा स्वतंत्र हक्क असतो. किती भर घातली की हक्क येतो? ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी निर्मिती आणि विवेक दिसला पाहिजे. शुद्धलेखन सुधारले, पाने लावली, एवढ्याने नवा हक्क येत नाही. वाद टाळायचा असेल तर मुदत संपलेली जुनी छापील प्रत शोधून तिच्यावरूनच बसवावे.

कंपनीत काकाने पैसे वळवले. भागधारक म्हणून मी दावा करू शकतो?

नुकसान कंपनीचे आहे, त्यामुळे दावाही कंपनीचा. पण कंपनी काकाच्याच ताब्यात असेल तर भागधारक कंपनीच्या वतीने उभा राहू शकतो. हा डेरिव्हेटिव्ह दावा. वसूल झालेला पैसा कंपनीत जातो, तुमच्या खिशात नाही. हे मान्य नसेल तर हा मार्ग धरू नये.

प्रत्यक्षात गोव्यातल्या घरगुती कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ ची कलमे २४१-२४२ जास्त उपयोगी पडतात. त्यासाठी भागभांडवलाचा दहावा हिस्सा, किंवा सभासदसंख्येचा दहावा भाग किंवा शंभर सभासद यांतला जो आकडा कमी असेल तो लागतो. न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकते. अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे करावा लागतो. आधी लेखी मागणी करावी, ताळेबंद आणि सभांची इतिवृत्ते मागावीत, पणजीच्या कंपनी निबंधक कार्यालयातल्या नोंदींच्या प्रती काढाव्यात. ‘मला लाभांश मिळाला नाही’ हे कंपनीच्या नुकसानीत मिसळले की अर्ज कमजोर होतो. सहकारी पतसंस्थेत असे घडले असेल तर वाट वेगळी: गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ आणि सहकार निबंधक.

अमली पदार्थांच्या कायद्यात ‘डेरिव्हेटिव्ह’ कशाला म्हणतात?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ‘अफूचे साधित’ ही वेगळी व्याख्या आहे. मॉर्फीन, कोडीन, थेबाईन, हेरॉईन, आणि ०.२ टक्क्यांहून जास्त मॉर्फीन असलेली मिश्रणे त्यात येतात. हेरॉईनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. वजन शुद्ध पदार्थाचे की पूर्ण मिश्रणाचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात मिटवला: पूर्ण मिश्रणाचे. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे कैद आहे आणि जामीनही कठीण. ‘त्यात बरीचशी भेसळच होती’ हा बचाव त्यामुळे उरलेला नाही.

पुराव्याच्या बाबतीतही हा शब्द ऐकला.

मूळ कागदाऐवजी त्याची प्रत म्हणजे दुय्यम पुरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात मूळ का आणता येत नाही याचे कारण द्यावे लागते. व्हॉट्सॲप संदेश, सीसीटीव्ही, दलालाच्या ॲपचे स्क्रीनशॉट यांना कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलण्याआधी, जुना फोन हातात असतानाच ते तयार करून घ्यावे.

दलालाविरुद्ध तक्रार कुठे करावी?

आधी दलालाकडे लेखी, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर. तिथे दलालाला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. समाधान झाले नाही तर सेबीच्या ऑनलाइन वादनिवारण मंचावर सलोखा आणि लवाद आहे. टेलिग्रामवरच्या ‘खात्रीशीर टिप्स’च्या गटात किंवा बनावट ॲपमध्ये पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी पहिले काही तासच हातात असतात. व्यवहार क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले ते खाते आणि वेळ जवळ ठेवूनच फोन लावावा.